दोन सोनेरी मासे

एप्रिलमध्ये नातीला नऊ वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर सायकल, घड्याळ असलं काहीतरी मागेल असं वाटलं होतं. तिने मागितला फिश टँक! सूनबाई म्हणाल्या, "आबा घेऊन देत असतील तर माझी हरकत नाही." चिरंजीव मात्र काहीच बोलले नाहीत. पेपर उचलला आणि गॅलरीत जाऊन बसले.

तो पेपर का उचलला गेला हे घरात फक्त मला माहीत होतं. आमची ही असती तर तिलाही कळलं असतं.

गोष्ट १९८४ सालची. तेव्हा मी साताऱ्याला शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मेहुण्यांकडे गेलो होतो, तेव्हा मुलाला तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. मरीन ड्राइव्हवरच्या त्या मत्स्यालयाचं उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालेलं. तिथे काचेला नाक लावून उभा राहिलेला आमचा आठ वर्षांचा मुलगा काही केल्या हलेना. शेवटी हट्ट पुरवला. एका दुकानातून काचेचा गोल बाऊल, मूठभर रंगीत खडे आणि दोन सोनेरी मासे घेतले. "याला काही लागत नाही साहेब, चिमूटभर खाणं टाकत जा," असं दुकानदाराने सांगितलं. एसटीच्या लाल डब्यात बोरघाट आणि खंबाटकी ओलांडेपर्यंत मुलाने ती पाण्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. माशांची नावंही रस्त्यातच ठरली. राजा आणि राणी.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. सहाव्या दिवशी मी स्वतः बाऊल घासला, खडे चोळून चोळून धुतले आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. त्या रात्री राजा गेला. दोन दिवसांनी राणी.

मी काय केलं? शेजारच्या दोन मुलांसमोर पोराला म्हणालो, "तूच मारलेस. सांगितलं होतं ना, चिमूटभरच घालायचं म्हणून!" तो एवढंच म्हणाला, "मी चिमूटभरच घातलं होतं." मी विश्वास ठेवला नाही. त्याने दोन्ही मासे तगरीच्या झाडाखाली पुरले. त्यानंतर त्याने कधी कुत्रं मागितलं नाही, की मांजर, की पोपट.

म्हणून या वेळी दुकानात जाण्याआधी वाचायला बसलो. इतिहासाच्या मास्तराची खोड, कुठलीही गोष्ट मुळापासून सुरू करायची. चार गमती कळतील आणि नातीला सांगता येतील, एवढाच विचार होता. कळलं ते वेगळंच.

सुरुवात अर्थातच सोनेरी माशापासून. हा मूळचा चीनचा. रानटी अवस्थेत तो करड्या-चंदेरी रंगाचा, खाण्याचा मासा. त्यात अधूनमधून एखादा तांबूस-पिवळा निघायचा, तो लोकांनी वेगळा ठेवला. सुंग राजवटीत (९६० ते १२७९) श्रीमंतांच्या बागांमधून अशा माशांची तळी होती. पुढे मिंग काळात (१३६८ ते १६४४) ते घरात, चिनी मातीच्या मोठ्या कुंड्यांमध्ये आले. कुंडीची भिंत काही पारदर्शक नसते, म्हणजे मासा बघायचा तो वरून. दुहेरी शेपट्या, बटबटीत डोळे, पसरट अंग, हे सगळं वरून शोभून दिसावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेलं. सतराव्या शतकात हे मासे जपान आणि युरोपात पोचले. इंग्लंडमध्ये १७४७ साली होरेस वॉलपोलची मांजर अशाच चिनी कुंडीत मासे पकडायला गेली आणि बुडून मेली. त्यावर टॉमस ग्रेने कविता केली, ती मांजरीवर. कुंड्यांमध्ये रोज मरणाऱ्या माशांवर कविता झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे काय होतं? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात माशांवर एक प्रकरण आहे. माशांच्या कितीतरी जाती त्यात सांगितल्या आहेत, पण त्या गळाने पकडण्यासाठी! महाडजवळच्या वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. तिथेही मासा असतो तो नदीत. घरात आणून काचेआड ठेवायची कल्पना आपली नव्हे.

ती कल्पना आली इंग्लंडमधून, आणि तिचा जन्म रसायनशास्त्रातला आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. १८४९ साली त्यांनी काचेच्या भांड्यात पाणी, वाळू, फितीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पती आणि मासे असं ठेवून पाहिलं. कुठले मासे? सोनेरीच. आणि किती? दोन! हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला.

वॉरिंग्टनचा प्रश्न साधा होता. पाणी न बदलता मासे जगतील का? मासा प्राणवायू घेतो, वनस्पती तो सोडते, असा हिशोब होता. पण वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. त्यांनी डबक्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. १८५० साली त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासे बेताचे असतील तरच हा मेळ टिकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मग तर लाटच आली. काचेवरचा कर १८४५ साली उठल्यामुळे इंग्लंडमध्ये काच स्वस्त झालेलीच होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घरोघरी गेला. गॉस समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांतले जीव गोळा करत आणि लोकांनाही शिकवत. लोक इतके शिकले, की टोपल्या-बरण्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात, बाबांच्या पुस्तकांपायी ते किनारे ओरबाडले गेले आणि बाबांनाही त्याचं दुःख होतं, असं त्याने नोंदवलं आहे. बापाने प्रेमाने केलेल्या गोष्टीचा हिशोब मुलाने मांडला.

आता दुसरी बाप-लेकाची जोडी. हिच्यासाठीच हा सगळा लेख लिहितो आहे. वॉरिंग्टन यांनी काचेचं भांडं मांडलं तेव्हा त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याचंही नाव रॉबर्टच. हा धाकटा वॉरिंग्टन पुढे शेतीचा रसायनतज्ज्ञ झाला आणि रॉथमस्टेडच्या प्रसिद्ध शेतीसंशोधन केंद्रात मातीवर काम करू लागला. मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट होतं कसं, हा त्याचा विषय. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवलं होतं, की हे काम सूक्ष्म जीव करतात. धाकट्या वॉरिंग्टनने पुढे दाखवलं, की ते काम दोन टप्प्यांत होतं. एका जातीचे जीव अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जीव वेगळे काढून दाखवले ते १८९० च्या सुमारास विनोग्राड्‌स्की या रशियन शास्त्रज्ञाने.

मंडळी, हे मातीचं पुराण माशांच्या लेखात कशाला, असं वाटेल. सांगतो. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो माशाला विष. नायट्राइट हेसुद्धा विष. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसतं आणि वनस्पतींना ते खत म्हणून चालतं. नदीत, तळ्यात हे सूक्ष्म जीव दगडावर, वाळूवर, पानांवर बसलेलेच असतात. नव्या कोऱ्या काचेच्या बाऊलमध्ये ते नसतात. त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे स्वतःच्याच विषात पोहत असतात. आणि जी थोडीफार वस्ती झालेली असते ती आपण खडे चोळून धुतो, वर क्लोरिनचं नळाचं पाणी ओततो, तेव्हा संपते.

थोडक्यात, थोरल्या वॉरिंग्टनच्या भांड्यात मासे का जगले याचं अर्धं उत्तर प्राणवायूत होतं आणि उरलेलं अर्धं त्याच्या मुलाने शोधलेल्या त्या न दिसणाऱ्या जिवांमध्ये. १८९० मध्ये जगाला ठाऊक झालेली गोष्ट १९८४ मध्ये साताऱ्यात मला ठाऊक नव्हती. पण "मला ठाऊक नाही" असं न म्हणता मी आठ वर्षांच्या पोराला आरोपी ठरवलं. बरं, सोनेरी मासा काही लहान राहत नाही. जागा मिळाली तर वीतभर सहज होतो आणि वर्षानुवर्षं जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक सोनेरी मासा जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला होता, तो ४३ वर्षं जगून १९९९ साली मेला. आमचा राजा सहा दिवस जगला. त्या बाऊलमध्ये पोराने चिमूटभर घातलं असतं काय, अर्धी चिमूट घातलं असतं काय, शेवट तोच होता.

मग नवशिक्याने कुठला मासा घ्यावा? दुकानात जे पाच-सहा मासे "हे घ्या, मरत नाहीत" म्हणून पुढे केले जातात, त्यांची कुळं शोधली. गंमत अशी, की बहुतेकांची चिवट म्हणून झालेली ख्याती त्यांच्या प्रवासातून आली आहे. सोनेरी माशानंतर परदेशातून युरोपच्या घराघरांत गेलेला मासा म्हणजे पॅराडाइज फिश. १८६९ साली तो चीनहून पॅरिसला पोचला आणि कार्बोनिये नावाच्या मत्स्यपालकाने त्याची पैदास केली. जहाजावरच्या कोंदट पाण्यात तो टिकला, कारण त्याच्या डोक्यात एक जास्तीचं इंद्रिय असतं आणि तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो.

त्याचाच भाऊबंद म्हणजे दुकानात काचेच्या पेल्यात एकेकटा ठेवलेला फायटर किंवा बेट्टा. सयाममध्ये याच्या झुंजींवर पैजा लागत. १८४० मध्ये तिथल्या राजाकडचे असे मासे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर थिओडोर कँटर यांना मिळाले आणि त्यांनी त्यावर लिहिलं. हाही हवा घेतो, म्हणून पेल्यात तग धरतो. पण तग धरणं म्हणजे सुखात असणं नव्हे. एसटीच्या टपावर बसूनही माणूस गावाला पोचतोच की! फायटर घ्यायचा तर एकच घ्यावा आणि त्याला निदान पंधरा-वीस लिटर पाणी द्यावं.

गप्पी तर आपल्या ओळखीचाच. विहिरीत, हौदात डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं सोडतात तो. हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा. त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले, १८६६ मध्ये त्यांच्या नावाने मासा नोंदला गेला. नंतर कळलं, की पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच त्याला नाव दिलं होतं. शास्त्राच्या पुस्तकात पीटर्सचं नाव राहिलं, लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच. एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही, मग ते खरं असो की खोटं! गप्पीची अडचण एकच, नर-मादी एकत्र ठेवले की चार महिन्यांत टाकी भरते. आणि जास्त झाले म्हणून ओढ्यात, तळ्यात नेऊन सोडायचे नाहीत, ते तिथल्या मूळच्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात.

निऑन टेट्रा दिसायला सगळ्यात देखणा. पेरूच्या जंगलातून १९३० च्या दशकात आलेला, १९३६ साली शास्त्रीय नाव मिळालेला. पण त्याला जुनी, मुरलेली टाकी आणि हलकं पाणी लागतं. पहिल्याच टाकीला नको.

एक मासा दुकानात पाहिला आणि मन अडकलं. चंदेरी अंगावर लाल-काळा पट्टा असलेला, 'मिस केरला' म्हणतात तो. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांमधला. १९९७ साली सिंगापूरच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि परदेशातून इतकी मागणी आली, की आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या लाल यादीत आहे. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला 'सह्याद्रिया' असं सुंदर नाव दिलं. गॉसच्या किनाऱ्याची गोष्ट आपल्याच डोंगरात पुन्हा घडली. शिवाय तो वीतभर वाढतो, लहान टाकीत त्याचं हाल. दुकानदाराला नको म्हटलं.

शेवटी ठरला तो झेब्रा मासा. दीड-दोन इंचांचा, चंदेरी अंगावर निळे आडवे पट्टे. फ्रान्सिस बुकॅनन, पुढे आजोळचं हॅमिल्टन हे नाव घेतलेले कंपनीचे डॉक्टर, यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ छापला, त्यात हा आहे. अडीचशेहून जास्त जाती आहेत त्यात. रोझी बार्ब, बुटका गुरामी हे दुकानातले आणखी दोन मासेही त्याच पुस्तकातले. म्हणजे ज्यांना आपण 'फॉरेनचे मासे' म्हणून बघतो, त्यातले कितीतरी आपल्याच नदीनाल्यांतले! झेब्रा उथळ, संथ पाण्यात आणि भातखाचरांच्या कडेला राहतो. थंडी-ऊन दोन्ही सोसतो. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर या शास्त्रज्ञाने याच माशावर काम करून १९८१ साली मोठा शोधनिबंध लिहिला. तेव्हापासून हा जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आहे. माणसाच्या शंभरातल्या जवळजवळ सत्तर जनुकांना या माशात जोड सापडते. खाचरातल्या माशाने केवढा पल्ला गाठला!

तर टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. फिल्टर लावला, वाळू आणि झाडं घातली, दोन दिवस साठवून क्लोरिन उडालेलं पाणी भरलं. आणि मासे आणले नाहीत! रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया होईल आणि ते सूक्ष्म जीव वस्तीला येतील. नात वैतागली. "आबा, रिकामं पाणी कसलं बघायचं?" तिला एक वही करून दिली. दर दोन दिवसांनी पाणी तपासून आकडे लिहायचे. अमोनिया चढला, मग उतरला. नायट्राइट चढलं, तेही उतरलं. अडतिसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आलं.

त्या संध्याकाळी सहा झेब्रे आणले. पिशवी आधी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. चिरंजीव ऑफिसातून आले आणि दारातच थांबले. वही त्यांच्या हातात दिली आणि थोरल्या-धाकट्या वॉरिंग्टनची सगळी गोष्ट सांगितली. वर्गात सांगायचो तशीच, सनावळीसकट. शेवटी म्हणालो, "तू चिमूटभरच घातलं होतंस. मासे माझ्या हातून गेले."

बराच वेळ ते टाकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा, मला वाटायचं तुम्ही विसरला असाल."

"आणि तू?"

"मी अजून मीठसुद्धा मोजून घालतो."

हसावं की काय करावं ते कळेना. सूनबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे त्यामुळे होय!"

असो. आज महिना झाला. सहाही मासे आहेत. पाणी आठवड्याला चौथा हिस्सा तेवढं बदलतो, खडे धूत नाही. वाढवायचे तर आणखी दोन-तीनच, त्याहून जास्त नाही, असं नातीला बजावलं आहे. खाणं घालायचं काम तिचं. काल सकाळी तिच्या शेजारी उभं राहून चिरंजीव टाकीकडे बघत होते. तिने चिमूट सोडली. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.